दत्ता थळ्याचा उजवा पाय

आवळेखारचा दत्तात्रेय थळे गाडी कुठे थांबवणार ते आधी सांगायचा आणि तिथेच थांबवायचा. पोयनाडच्या नाक्यावर एकदा त्याने पैजेवर, खडीने भरलेल्या डंपरचा बंपर भिंतीशी ठेवलेल्या शहाळ्याला टेकवला होता आणि शहाळं जागचं हललं नव्हतं. ही गोष्ट गावात इतक्या वेळा सांगितली गेली की शहाळ्याचं पुढे कोंबडीचं अंडं झालं. पण मूळ गोष्ट खरी होती. बाप मिठागरात फावडं ओढून ओढून वाकला. पोरगा मात्र विसाव्या वर्षी ट्रकवर चढला तो साठी उलटल्यावरच उतरला. चाळीस वर्षांत त्याच्या चाकाखाली कुत्रं-मांजरसुद्धा आलं नाही. त्याचा त्याला गर्व होता, आणि का नसावा? दुसरं होतं काय त्याच्याकडे गर्व करायला?

कामातून मोकळी झालेली माणसं देव-देव करतात, नाहीतर कट्ट्यावर बसून पत्ते कुटतात. दत्ताने मिलिटरीचा भंगारात निघालेला ट्रक घेतला. त्यालाही कारण होतं. तो सात वर्षांचा असताना खाडीचा बांध फुटला होता. आमच्याकडे त्याला खांड जाणं म्हणतात. भरतीचं खारं पाणी चुलीपर्यंत आलं, आणि त्या कमरेएवढ्या पाण्यातून घुरघुरत लष्कराचा शक्तिमान ट्रक आला. एका जवानाने दत्ताला काखेत धरून उचललं आणि मागच्या हौद्यात टाकलं. बाकीची पोरं भोकाड पसरून रडत होती. हा एकटा कडेच्या फाळक्याला धरून हसत होता. त्यानंतर त्याने कितीक गाड्या चालवल्या, पण मनात गाडी म्हणजे तीच.

तसाच ट्रक त्याला पनवेलच्या बाजूला एका भंगारवाल्याच्या आवारात दिसला. टायर बसलेले, बॉनेटमधून घोसाळ्याचा वेल वर आलेला, पुसट नंबरपाटीवर लष्कराचा तो वर तोंड केलेला बाण. दत्ता तासभर त्याच्याभोवती फिरला, टाकीवर टिचक्या मारल्या, खाली झोपून स्प्रिंगचे पाटे बघितले आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "जने, घरात पाव्हना येनार हाय."

दुसऱ्या दिवशी क्रेनला लटकून पाव्हणा अंगणात उतरला. जनी ओट्यावर उभी राहून बघत होती. "घरात एक म्हातारा व्हता तो पुरला न्हाय वाटतं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दोन वर्षं त्या म्हाताऱ्याची सेवा चालली. इंजिन उतरलं, चढलं, परत उतरलं. डिझेल पंपासाठी दत्ता तीनदा पुण्याला गेला. ब्रेकचे रबर, एअरचे पाइप, ड्रमची पत्ती त्याने स्वतःच्या हाताने बसवली, कारण ब्रेकच्या कामात तो दुसऱ्याला हात लावू देत नसे. हौद्याची लाकडी जमीन बोडणीच्या होडीवाल्या सुताराने घातली, होडीला घालतो तशीच, फटीत कापूस ठोकून. रंगाच्या वेळी मात्र घोडं अडलं. मिलिटरीचा हिरवा रंग खासगी गाडीला लावायचा नाही असा कायदाच आहे. दत्ता दोन दिवस जेवला नाही. शेवटी जनीनेच तिढा सोडवला, "निला लाव," म्हणून. मग होड्या रंगवणाऱ्या मितेशने होडीचाच निळा तेलरंग काढला आणि बॉनेटवर सवयीने दोन डोळे काढायला निघाला, तो दत्ताने त्याचा ब्रश काढून घेतला. कोळीवाड्यातली माणसं म्हणायची, थळ्यांनी गलबताला चाकं लावली.

आणखी एक गोष्ट त्याने कुणाला करू दिली नाही, आणि ती म्हणजे गाडी चालवणं. त्याचा पुतण्या सुजित बंदरावर मोठा ट्रेलर चालवतो. चांगला ड्रायव्हर, दारूचा थेंब नाही, पण गाडी आजची, एका बोटाने वळणारी. शक्तिमानला गिअर टाकायचा तर क्लच दोनदा मारावा लागतो आणि इंजिनचा आवाज कानाने जोखावा लागतो. सुजितने दोनदा विचारलं, "काका, शिकवा की." दत्ता दोन्ही वेळा म्हणाला, "तुजी गाडी तुला चालवते रं. हिला मानूस लागतो."

होळीच्या दिवशी देवळात बैठक बसली. चैत्रात गावदेवीची पालखी बाहेरच्या बांधावर जाते, भर भरतीला खाडीला नारळ देते आणि बांध सांभाळ म्हणून सांगते. पालखी खांद्यावर, माणसं अनवाणी मागून, आणि तान्ही पोरं-म्हातारी पूर्वी बैलगाडीतून जायची. बैल गेले तशी ती माणसं घरीच राहू लागली होती. दत्ता उभा राहिला आणि म्हणाला, "औंदा सगली माज्या गाडीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याची नात भाविका त्याच्या शेजारी बसली होती, तिने सगळ्यांत जोरात वाजवल्या.

त्यानंतर आठच दिवसांनी ते झालं.

दत्ता गाडी पहिल्यांदा लांब घेऊन गेला, रेवसच्या जेट्टीपर्यंत आणि परत. केबिनमध्ये तो नेहमी अनवाणी बसे. आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांची ही रीतच आहे. समोर देवाची तसबीर असते, तिथे पायताण कसं चालेल? आणि दत्ताचं आणखी एक म्हणणं होतं, गाडी तळव्याला कळते. चपला दाराखालच्या खणात टाकून त्याने चाळीस वर्षं तळव्याने गाडी ऐकली होती. आता शक्तिमानचं इंजिन तापलं की केबिनचा पत्रा तव्यासारखा होतो. फौजेची गाडी असताना त्यावर जाड चटई असे; ती कुजली होती आणि नवी अजून मिळायची होती. घरी येऊन तो मोरीवर पाय धुवायला बसला, आणि पाणी ओतणारी जनी एकदम थांबली.

"अवो, ह्यो पाय बगा."

उजव्या तळव्याला टाचेपासून चवड्यापर्यंत फोड आला होता, पोळीला येतो तसा फुगलेला. डावा नुसता लाल होता. दत्ता त्या पायाकडे बघत राहिला. त्याला काहीच दुखत नव्हतं, आणि भीती वाटली ती त्याचीच.

तो एकटाच अलिबागला डॉक्टरीणबाईंकडे गेला. साखर त्याला दहा वर्षांपासून होती. तो गोळ्या घ्यायचा, आठवण झाली की. बाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितलं, म्हणाल्या, पायाला कुठे हात लावते ते सांगा. दत्ता डोळे मिटून बसला. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "करा की सुरू."

"झालं," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं, की पायाच्या नसा साखरेने गेल्यात, उजवीकडे जास्त. जखम भरेल, पण स्पर्श परत येईल अशी आशा ठेवू नका. अनवाणी फिरायचं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "गाडी-बिडी चालवता का?"

"न्हाय," दत्ता म्हणाला. "रिटायर झालो."

"बरं झालं," म्हणून बाईंनी पुढचं नाव पुकारलं.

घरी त्याने सांगितलं, मलम दिलंय, भाजलंय नुसतं. जनीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असं त्याला वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्या दिवसापासून त्याला सगळ्यांचीच नजर पायावर आहेसं वाटू लागलं.

खरं म्हणजे तेव्हाच बोलून मोकळं व्हायचं. पण बोलायचं काय? दत्ता थळ्याला ब्रेक समजत नाही? ज्या माणसाची सगळी पत त्या एका तळव्यावर उभी, त्याने तोच मेला म्हणून सांगायचं? आणि गाडी? ती दुसऱ्या कुणाला येत नाही, ही त्याचीच करणी. तो उतरला तर ती अंगणात उभी राहणार, कोंबड्या अंडी घालणार तिच्यात, आणि तो कट्ट्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तो गप्प बसला, आणि तो लाख दिवसागणिक छातीवर जड होत गेला.

मग तो चोरून सराव करायला लागला. दुपारी मिठागराच्या रिकाम्या वाटेवर गाडी नेई. पाय ब्रेकवर आहे की एक्सलरेटरवर, की मधल्या पत्र्यावर, हे समजायला खाली बघावं लागे. खाली बघितलं की रस्ता जाई. रस्ता बघितला की पाय हरवे. त्याने मोजून बघितलं, गुडघा किती उचलला म्हणजे पाय ब्रेकवर पडतो ते. दहादा बरोबर पडे. अकराव्यांदा गाडी थांबायच्या ऐवजी डुरकून पुढे जाई आणि दत्ताच्या पाठीला घाम फुटे. डाव्या पायाने ब्रेक मारून बघितला, तर तो जन्मभर क्लचचा, त्याला अचानक नवी नोकरी कशी जमणार? एके दिवशी त्याने देवाच्या तसबिरीवर नॅपकिन टाकला आणि नातवाच्या वयाच्या पोराने घालावेत तसले कॅनव्हासचे बूट घालून गाडी चालवली. बुटांनी भाजायचं वाचलं. समजायचं काही वाढलं नाही. नॅपकिन काढताना त्याने देवाची माफी मागितली आणि हळूच विचारलं, "आता काय करू सांग." गाडीचं सगळं चाळीस वर्षं दत्तानेच ठरवलं होतं, त्यामुळे देवाला तरी सांगायची काय सवय.

पालखी आठ दिवसांवर आली तशी पोरं अंगणात येऊन गाडीचा हौदा मोजायला लागली. कोण कुठे बसणार यावरून मारामाऱ्या झाल्या. भाविकाने आपली जागा फाळक्याजवळ धरली होती. दत्ता ओट्यावरून ऐकत बसे, एकेका पोराचं डोकं नकळत मोजी, आणि बेचाळीसवर आला की उठून आत जाई. जनीने वाढलेलं ताट तसंच राही. "गाडी तर झाली, आता कसला घोर लागलाय?" तिने विचारलं. त्याच्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हॉर्न वाजवला, सगळी पोरं खिदळली, आणि ओठावरचं परत पोटात गेलं.

चैत्रातला तो दिवस उजाडला. भरती दुपारी बारानंतर होती, म्हणून पालखी उठायची ती बाराला. ऊन असं की डांबर मऊ पडलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बायका कळश्या घेऊन उभ्या होत्या, कारण पालखीच्या भोयांच्या पायांखाली पाणी ओतायचं असतं. दत्ताने गाडीला झेंडूचा हार घातला, चपला खणात टाकल्या, पायांखाली ओलं गोणपाट अंथरलं आणि इंजिन सुरू केलं. घरापासून देवळापर्यंत दोनशे पावलं, मध्ये तळ्याचा उतार. उताराच्या टोकाला गर्दी, आणि गर्दीच्या पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर केसरआत्या बसलेली. ऐंशीच्या पुढची म्हातारी; तिला गाडीत पहिलं चढवायचं म्हणून आधीच आणून बसवलेली.

उतारावर दत्ताने गुडघा मोजून उचलला आणि पाय दाबला.

गाडी हळू झाली नाही.

त्याने आणखी दाबला. पूर्ण जोराने दाबला. शक्तिमान आपल्या वजनाने उतारावरून सरसर निघाली. केसरआत्या मोठी मोठी होत चालली, तिच्या कपाळावरचं गोंदण दिसायला लागलं, आणि दत्ताने खाली बघितलं. पाय ब्रेकच्या शेजारी पत्र्यावर होता. ओल्या गोणपाटावर, घट्ट दाबलेला. त्याने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, दाबून धरलेला क्लच सोडून दिला. गाडीने आचका दिला, इंजिन बंद पडलं, आणि बंपर म्हातारीच्या गुडघ्यापासून वीतभरावर थांबला.

कुणीतरी शिट्टी मारली आणि गर्दीत एकच टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा रे दत्ताशेठ! शहालं हाललं न्हाय!" केसरआत्याने बोळकं पसरून बंपरवर थाप मारली. तिला वाटलं, आपल्या मानासाठीच केलं.

दत्ताचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. मागे फाळका पडल्याचा आवाज आला. सुजित एकेक पोर उचलून हौद्यात टाकत होता, सात, आठ, नऊ, आणि प्रत्येक पोर लाकडावर उडी मारत होतं. ते धपधप आवाज दत्ताला पाठीतून ऐकू येत होते. आरशात भाविका दिसली. तिने जागा मिळवली होती आणि कडेच्या फाळक्याला धरून हसत होती.

तो दार उघडून खाली उतरला. "पोरं उतरव," तो सुजितला म्हणाला.

"आं?"

"उतरव सगली. मी गाडी चालवनार न्हाय."

लोक हसले. दत्ता भाव खातोय, कुणीतरी म्हणालं, नारळ फोडा त्याच्यापुढे. देवळाचे पुजारी घाई करायला लागले, भरती थांबत नाही म्हणून. दत्ता म्हणाला, "आत्ता थांबली ती हँडब्रेकनी. माजा उजवा पाय मेलाय. मना ब्रेक समजत न्हाय. म्हातारी मेली असती." तो हे इतक्या साध्या आवाजात म्हणाला की लोकांना ती थट्टाच वाटली. केसरआत्याच म्हणाली, "कायतरी बोलतो मेला."

दत्ता तिथेच उभा राहिला. आणि उभा राहिला तो डांबरावर. भोवतीची माणसं अनवाणी होती, पण कुणी गवतावर, कुणी मांडवाच्या सावलीत. ज्यांचा पाय डांबरावर पडत होता ती नाचल्यासारखी उड्या मारत होती. दत्ताचा डावा पाय पोळला तसा त्याने तो उचलला. उजव्यावर उभा राहिला. एका पायावर, भर बाराच्या उन्हात, मऊ पडलेल्या डांबरावर, गाडीच्या मडगार्डला धरून, तोंडावर एक सुरकुती न हलवता.

हसणं पुढून मागे विझत गेलं. सुजितने भाविकाला हौद्यातून उतरवायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. "काका," तो म्हणाला, "पाय उचला."

दत्ताने उचलला नाही. दोन वर्षं, चाळीस वर्षं, सगळंच त्या पायावर आलं होतं. त्याला लाज वाटत होती, आणि महिन्याभरात पहिल्यांदा नीट श्वासही येत होता.

बायकांच्या रांगेतून जनी आली. तिने भोयांच्या पायांसाठी भरलेली कळशी आणली होती. ती खाली बसली, त्याचा उजवा पाय हाताने उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर कळशी रिती केली. सगळ्या गावादेखत. दत्ता पाय सोडवायला लागला, पण तिने घट्ट धरला होता.

"गार लागतंय?" तिने विचारलं.

"न्हाय," दत्ता म्हणाला.

जनीने मान हलवली आणि पदराने पाय पुसला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच. "सुजित," ती म्हणाली, "बस तू. ह्ये सांगतील तसं कर."

सुजित चपला काढून चढला. दत्ताला पलीकडच्या दाराने चढवावं लागलं. आपल्याच गाडीत तो त्या बाजूने कधी बसला नव्हता. "आदी क्लच दाब. न्यूट्रल कर. सोड. आता परत दाब," तो सांगत गेला. पहिल्यांदा गिअर असा करकरला की दत्ताचे दात आंबले. "हाताचा जोर नको लावू. आवाज आईक. थांब... थांब... आता." गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. सुजितने त्याच्याकडे बघितलं. "म्होरं बग," दत्ता म्हणाला.

पालखी पुढे, मागे निळी गाडी, पहिल्या गिअरवर, चालत्या माणसाच्या वेगाने. बेचाळीस पोरं आणि सहा म्हाताऱ्या हौद्यात. केसरआत्याला मध्ये गादी दिली होती. मिठागरं संपली आणि बांधाचा चढ आला. तो सुजितने एकट्याने काढला, न विचारता. खाडी वरपर्यंत भरली होती.

बांधावरच पुढे थोडा उतार होता. उतार लागताच दत्ताचा गुडघा आपोआप वर झाला आणि उजवा पाय समोरच्या पत्र्यावर पडला. त्या बाजूला ब्रेक नव्हता. दत्ता दाबत राहिला, जोराने, मागच्या पोरांचा गलका ऐकत, सुजितच्या पायाकडे न बघता. गाडी हळूहळू मंदावली आणि पालखीच्या मागे, चांगलं दहा हात अंतर राखून थांबली.

"लांब थांबवली का काका?" सुजितने भीतभीत विचारलं.

"न्हाय," दत्ता म्हणाला. "बराबर थांबवली." मग त्याने दोन्ही हातांनी आपला पाय पत्र्यावरून उचलून बाजूला ठेवला.